भिंतीचा पायथा

घर पाहावयास आलेला पाहुणा आधीं छताकडे पाहतो, मग खिडक्यांकडे पाहतो, आणि शेवटीं पुढ्यांत आलेल्या चहाकडे पाहतो. भिंत जेथें जमिनीस मिळते तेथल्या चार बोटें उंचीच्या पट्टीकडे त्याची दृष्टि जात नाहीं. यजमानांचेंहि तिच्याकडे लक्ष नसतें. घरांत ती पट्टी नित्य पाहणारीं माणसें दोनच. फरशी पुसणारी स्त्री आणि रांगणारें मूल. या दोघांचें मत घर सजवितांना कोणी विचारीत नाहीं. म्हणूनच कीं काय, घराच्या या भागाविषयीं जितकी अनास्था आमच्या पाहण्यांत आहे तितकी दुसऱ्या कोणत्याहि भागाविषयीं नाहीं.

गेल्या महिन्यांत आम्हीं या सदरांत माळ्यावरील अडगळीविषयीं लिहिलें होतें. त्यावर एका वाचकभगिनीनें आम्हांस विचारलें कीं, गुरुजी, वर चढलांत खरे, पण खालीं केव्हां उतरणार? तर या महिन्यांत आम्ही अगदीं भूमीपर्यंत उतरत आहों. निमित्त घरचेंच आहे. आमच्या धाकट्या बंधूंच्या थोरल्या चिरंजीवानें गंगापूर रस्त्याच्या अंगास तिसऱ्या मजल्यावर नवी सदनिका घेतली. तिच्या खोल्यांतून भिंतींच्या पायथ्याशीं, दारांच्या चौकटींभोंवतीं व खिडक्यांच्या कडांस पट्ट्या कशाच्या लावाव्या, यावरून आमच्या कुटुंबांत तीन आठवडे जें मंथन चाललें होतें, त्यांतून निघालेलें कांहीं अमृत व कांहीं हलाहल वाचकांपुढें ठेवीत आहों.

या पायथ्याच्या पट्टीस आज गवंडी, सुतार व दुकानदार सर्वच स्कर्टिंग म्हणतात. चौकटीभोंवतींच्या पट्टीस मोल्डिंग आणि बारीक कडेस बिडिंग. शुद्ध शब्द शोधण्याचा मोह आम्हांस झाला होता, नाहीं असें नाहीं; परंतु जो शब्द सुतारास कळत नाहीं त्याचा सुतारकामांत उपयोग काय? तेव्हां स्कर्टिंगच म्हणूं. वस्तु मात्र आपल्या घरांत नवी नव्हे. आमच्या मातोश्री मातीची भुई सारवीत असत, तेव्हां सारवणाचा हात भिंतीवर चार बोटें चढवून मगच पुढें सरकत. सणावारीं त्याच्या वरच्या कडेस गेरूची रेघ ओढीत. लहानपणीं आम्हांस ती केवळ शोभा वाटे. पुढें लक्षांत आलें कीं, केरसुणीचा घाव आणि पोतेऱ्याचें पाणी भिंतीस नेमकें त्याच चार बोटांत लागतें. तेथचा थर झिजावा, भिंत झिजूं नये, आणि झिजलेला थर पुढच्या आठवड्यास पुन्हां भरून निघावा, अशी ती योजना होती. आजच्या स्कर्टिंगचेंहि मुख्य काम तेंच आहे. शिवाय फरशी आणि गिलावा यांच्यामधली ओबडधोबड फट तिनें झांकावयाची असते. चौकटीभोंवतींच्या पट्टीचें कामहि तसेंच. लाकूड ऋतुमानाप्रमाणें फुगतें व आकसतें, गिलावा तसा हलत नाहीं, म्हणून त्या दोहोंच्या सांध्यांत फट पडावयाचीच. ती फट नाहींशी करतां येत नाहीं, फक्त झांकतां येते.

आतां घरांतले पक्ष सांगतों. पुतण्याचें मत असें कीं, पांढऱ्या रंगाच्या एमडीएफच्या उंच पट्ट्या लावाव्या, त्या चित्रांतल्या घरांत फार सुरेख दिसतात. सूनबाईंचें मत, जी फरशी भुईस तिचीच चार इंची पट्टी भिंतीस, म्हणजे पुसावयास सोपें. धाकट्या बंधूंचें मत निराळें. आमच्या जुन्या वाड्याचा मागचा सोपा यंदा उतरवावा लागला. महानगरपालिका दर पावसाळ्याच्या आधीं जुन्या गांवांतील धोकादायक वाड्यांस नोटिसा देते, तशी आम्हांसहि आली होती. आणि सोपा खरोखरच कलला होता, त्यांत पालिकेचा दोष नाहीं. त्या सोप्याच्या सागवानी तुळया बंधूंनीं विकूं दिल्या नाहींत. त्यांच्याच पट्ट्या पाडून नव्या घरीं लावाव्या असा त्यांचा आग्रह. आम्ही वडील, तेव्हां सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें. आणि आम्ही गप्प बसलों. त्याचें कारण पुतण्यास ठाऊक नव्हतें, बंधूंस ठाऊक होतें, आणि तें येथें सांगणें प्राप्त आहे.

इ. स. २००८ च्या सप्टेंबरांत गोदावरीस जो महापूर आला तो नाशिककरांच्या स्मरणांत आहे. दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढलें यावरून पूर मोजण्याची आमच्या गांवची रीत. त्या दिवशीं पाणी मारुतीच्या मस्तकावरून गेलें. आमचा वाडा भांडी बाजाराच्या अंगास, म्हणजे नदीच्या शेजारांतच. तळमजल्यावर गुडघाभर पाणी एक रात्र उभें राहिलें. पुस्तकें आम्हीं वेळींच माडीवर नेलीं होतीं, म्हणून तीं वांचलीं. पाणी ओसरलें, गाळ काढला, आणि भिंती पाहिल्या तर कमरेपर्यंत काळ्या. पुढें माघ महिन्यांत घरांत धाकट्या पुतण्याची मुंज होती. दूरदूरचे आप्त येणार. त्यांस ती ओल आणि भिंतीस लागलेला लोणा दिसूं नये असें आम्हांस वाटलें. आमच्या ओळखीचे एक वृद्ध गवंडी होते. ते म्हणाले, "गुरुजी, भिंत अजून पाणी प्यालेली आहे. एक पावसाळा जाऊं द्या, मग काय तें करा." आम्हीं त्यांचें ऐकलें नाहीं. एका ठेकेदाराकडून भिंतीच्या पायथ्यास हातभर उंचीचें लाकडी अस्तर खिळ्यांनीं ठोकवून घेतलें, त्यावर तेलरंग दिला, आणि त्यास टेकून पुस्तकांचें कपाट पुन्हां उभें केलें. त्या ठेकेदारानें सागवान म्हणून जें दिलें तें बहुतेक बाहेरच्या अंगाचें पांढरें लाकूड होतें हें पुढें कळलें. परंतु खरा अपराध ओल्या भिंतीस कोंडण्याचा, आणि तो आमचा.

मुंज थाटांत झाली. भिंतीची पुष्कळांनीं स्तुति केली.

तीन वर्षांनीं, २०११ च्या दसऱ्यास, सरस्वतीपूजनासाठीं कपाट उघडलें. पुस्तकांच्या पाठी जशाच्या तशा उभ्या होत्या. एक वही ओढली, तर पुठ्ठा हातांत आला आणि आंत माती. आमच्या वडिलांनीं रघुवंश शिकवितांना सुमारें चाळीस वर्षें जीं टिपणें काढलीं त्यांच्या अकरा वह्या त्या कप्प्यांत होत्या. त्यांतील दहा गेल्या. अकरावी बंधूंनीं वाचावयास नेली होती, ती राहिली. वाळवीनें भिंतीवर मातीच्या नळ्या बांधून वर चढावयाचें असतें, आणि त्या नळ्या डोळ्यांस दिसतात. एरवीं दिसल्या असत्या. आमच्या सुंदर अस्तरामागें त्या तीन वर्षें निर्वेध चालल्या. बंधू त्या दिवशीं कांहींएक बोलले नाहींत, आणि पुढेंहि कधीं बोलले नाहींत.

तेव्हां लाकडी स्कर्टिंगचा विषय निघतांच आमची जीभ कां अडखळली हें वाचकांच्या ध्यानांत येईल. परंतु विचारांतीं आम्हांस असें दिसलें कीं, दोष लाकडाचा नव्हता. प्रश्न कोणतें द्रव्य चांगलें हा नसून, कोणत्या भिंतीस काय, असा आहे. म्हणून पहिला उपदेश असा: पट्टी निवडण्याच्या आधीं भिंत तपासा. जाड भिंत वाळण्यास इंचामागें एक महिना असा ढोबळ हिशेब जाणते धरतात. आमची भिंत अठरा इंचांची होती, म्हणजे दीड वर्षाचें काम आम्हीं पांच महिन्यांत उरकूं पाहिलें. ओल आहे कीं नाहीं हें पाहण्याची एक सोपी युक्ति आहे. हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद भिंतीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनें घट्ट बंद कराव्या व दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या भिंतीकडील अंगास दंव धरलें तर ओल भिंतींतून येत आहे. बाहेरच्या अंगास धरलें तर ती हवेंतली आहे. स्नानगृहाच्या पाठीमागची भिंत तिसऱ्या मजल्यावरहि या परीक्षेंतून सुटूं देऊं नये. पुतण्याच्या नव्या कोऱ्या घरांत त्याच भिंतीनें आम्हांस दगा दिला, आणि नळाचा एक सांधा पुन्हां करावा लागला.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनीं, विशेषतः जुन्या नाशकांत नदीजवळ राहणाऱ्यांनीं, पायथ्यास लाकूड लावूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. २००८ नंतर २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टांतहि पूर आले. तेथें दगडच योग्य. पेशव्यांच्या काळांतील आमच्या सरकारवाड्याकडे पाहा. भूमीस लागतें तेथें काळा पाषाण, लाकडाचे खांब त्याच्या वर. ज्यांनीं तो बांधला त्यांस सागवानाची टंचाई नव्हती. पेंठ, सुरगाणा आणि डांग यांचीं जंगलें जवळच होतीं. तरी त्यांनीं लाकडाचा पाय जमिनीस लागूं दिला नाहीं. आपणहि शहाबादी किंवा कोटा फरशीची पट्टी लावावी. ती स्वस्त आहे, पाण्यास भीत नाहीं, वाळवीस तिचें सोयरसुतक नाहीं. एवढेंच कीं, शहाबादी, कोटा व संगमरवर हे तिन्ही चुन्याच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, किंवा मोरी धुण्याचें आम्ल त्यांवर सांडलें तर डाग पडून चकाकी जाते. म्हणून स्वयंपाकघरांत व मोरीजवळ ग्रॅनाइट किंवा भाजलेली चिनी फरशी घ्यावी. सूनबाईंचा पक्ष स्वयंपाकघरापुरता तात्काळ मान्य झाला; आमच्या सौभाग्यवतींनीं तर त्या बाबतींत पुरुषांस बोलूंच दिलें नाहीं.

एमडीएफच्या प्रश्नाचा निकालहि त्यांनींच लावला. पुतण्यानें दुकानांतून नमुन्याचे तुकडे आणले होते. सौभाग्यवतींनीं ते सर्व, जुन्या तुळईच्या एका ढलपीसह, तांब्याच्या घंगाळांत पाणी भरून रात्रभर बुडवून ठेवले. सकाळीं एमडीएफचा तुकडा दुधांत पडलेल्या बिस्किटाप्रमाणें फुगला होता. वाळल्यावरहि तो पूर्ववत् झाला नाहीं. हें साहजिक आहे. लाकडाचे अत्यंत बारीक तंतू राळेसारख्या चिकट द्रव्यांत मिसळून उष्णता व दाब यांनीं ही फळी बनवितात, आणि पाणी शिरलें कीं ते तंतू सुटूं लागतात. अन्याय होऊं नये म्हणून सांगतों, हें द्रव्य वाईट नव्हे. सरळ असतें, गांठी नसतात, रंग सुरेख बसतो, मोलहि सागवानाच्या मानानें पुष्कळ कमी. ज्या देशांत भुईवर गालिचे असतात आणि पाण्यानें पुसण्याचा प्रसंग क्वचित् येतो, तेथें पायथ्यासहि तें वर्षानुवर्षें टिकतें. आपल्याकडे रोज सकाळीं ओला कपडा फिरावयाचा. पट्टीची खालची कड रोज थोडें थोडें पाणी पिते. म्हणून छताजवळच्या नक्षीस, खिडकीच्या वरच्या अंगास, कोरड्या कपाटाच्या दर्शनी भागास तें खुशाल वापरावें. घेतांना ई-१ प्रतीचें घ्यावें, म्हणजे त्यांतील चिकट द्रव्यापासून निघणारी फॉर्मल्डिहाइडची वाफ मर्यादेंत असते. निजावयाच्या खोलींत मुलेंबाळें असतात, तेथें याचा विचार अवश्य करावा. ओल सोसणाऱ्या म्हणून ज्या एचडीएमआर फळ्या मिळतात त्या दमट हवा सोसतात. उभें पाणी त्याहि सोसत नाहींत.

लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांच्या मिश्रणाची डब्ल्यूपीसी नांवाची पट्टी घंगाळांतून जशीच्या तशी निघाली. वाळवीहि तिला तोंड लावीत नाहीं. न्हाणीघराच्या चौकटीस तिच्यासारखें दुसरें नाहीं. मात्र उन्हानें ती लांबते, नाशिकच्या वैशाखांत पश्चिमेच्या खिडकीखालीं घट्ट बसविली तर मध्येंच कमान धरते. टोंकास थोडी जागा मोकळी सोडावी लागते. दिसावयास ती कशी दिसते याविषयीं आमचें मत आम्ही राखून ठेवतों. प्लायवूडच्या पट्ट्यांविषयीं एवढेंच सांगतों कीं, आयएस ७१० ही खूण असलेलें प्लायवूड ७२ तास उकळत्या पाण्यांत ठेवून पारखण्याचा नियम आहे, आणि आयएस ३०३ ची साधी प्रत तितक्या कसाची नव्हे. खूण वाचून घ्यावी. दुकानदाराच्या "सेमच आहे" या वाक्यावर विसंबूं नये.

आतां सागवान. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत शय्या व आसनें यांस योग्य अशा लाकडांची जी यादी दिली आहे तींत शाक आणि शिंशपा हीं दोन्हीं नांवें आहेत. शाक तो आपला साग, शिंशपा ती शिसवीची जात. विजेनें, पाण्यानें, वाऱ्यानें किंवा हत्तीनें पाडलेलें झाड वर्ज्य, ज्यावर मधमाश्यांचें पोळें असेल तें वर्ज्य, असेंहि तो सांगतो. यांतील शकुनाचा भाग सोडला तरी मार खाल्लेल्या झाडाच्या लाकडांत आंतून चिरा असतात हें सुतारहि सांगेल. सागाच्या गाभ्यांत तेलकट द्रव्यें असतात, तीं वाळवीस व बुरशीस सोसत नाहींत; शिवाय तें फार फुगत वा आकसत नाहीं. परंतु हे सर्व गुण गाभ्याचे. बाहेरच्या पांढुरक्या भागांत ते नाहींत, आणि रंग चढविल्यावर दोहोंतला भेद कोणासहि कळत नाहीं. म्हणून पट्ट्या रंगविण्याच्या आधीं, रंधा मारून उघड्या असतांनाच, दिवसाच्या उजेडांत पाहून घ्याव्या. हा धडा आम्हीं दहा वह्यांचें मोल देऊन घेतला आहे.

बाजारांत आज सागवान अनेक देशींचें मिळतें. ब्रह्मदेशानें २०१४ च्या एप्रिलपासून ओंडके परदेशीं धाडणें बंद केलें. आफ्रिकेंतील व दक्षिण अमेरिकेंतील लागवडीचा साग पुष्कळ येतो. तो बहुधा कोवळ्या झाडांचा, त्यांत गाभा कमी. आपल्या महाराष्ट्रांत चंद्रपूर-बल्लारशाकडचा साग अद्यापि उत्तम गणला जातो, आणि त्याचें मोलहि तसेंच. ज्यांच्या घरीं जुनें लाकूड आहे त्यांनीं नवें घेण्याच्या आधीं तें पाहावें. रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत आरमारासाठीं झाडें परवानगीनें तोडावीं, आणि रयतेच्या आंबा-फणसांस हात लावूं नये, झाड वाढावयास काळ लागतो, अशी ताकीद दिली आहे. वाड्याच्या तुळईस तो काळ केव्हांच लागून गेलेला असतो. तिच्याइतकें वाळलेलें लाकूड कोणत्याहि वखारींत मिळणार नाहीं. आणि आमच्या गांवीं काय चाललें आहे? वाडा पडला कीं तिसऱ्या दिवशीं जुन्या लाकडाचा व्यापारी टेंपो घेऊन दारांत उभा. कोरीव खांब एक भाव, तुळया एक भाव, उरलेलें जळण. चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालाचें लाकूडकाम पाहावयास आपण मुलांस सहलीनें नेतों, आणि आजोबांच्या घरचें लाकूड भंगारांत देतों.

लाकूड किती लागतें याची भीति पुष्कळांस वाटते, म्हणून हिशेब मांडून दाखवितों. बारा फूट बाय चौदा फूट खोलीचा परीघ बावन्न फूट. तीन तीन फुटांचीं दोन दारें वजा केलीं कीं ४६ फूट राहिले. पट्टी चार इंच उंच आणि पाऊण इंच जाड धरली, तर सर्व मिळून एक घनफुटाहून किंचित् कमीच. तुटफूट व करवतीचा भुसा धरून सव्वा घनफूट. आमची एक तुळई दहा फूट लांब व आठ इंच चौरस होती. तिचें लाकूड साडेचार घनफुटांच्या आंतबाहेर. म्हणजे एका तुळईंत तीन खोल्यांचा पायथा निघतो. करवत गिरणीवर नेण्याच्या आधीं तिच्यांतील खिळे मात्र वेचून काढावे लागतात. एक खिळा राहिला तर गिरणीचें पातें जातें आणि गिरणीवाला आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. बंधूंनीं दोन दिवस उन्हांत बसून पकडीनें सदतीस खिळे काढले. ते त्यांनीं एका डब्यांत ठेवले आहेत. कशासाठीं, हें आम्हीं विचारलें नाहीं.

येथें एक गोष्ट कळकळीनें सांगावयाची आहे. जुन्या वाड्याच्या दोन चौकटी पुतण्याच्या मनांत भरल्या. त्या घांसून मूळ लाकूड उघडें करावें आणि बाळाच्या खोलीस लावाव्या असा त्याचा बेत होता. त्या चौकटींवर आमच्या आठवणींतच पांच वेळां तेलरंग चढला आहे. पूर्वीच्या तेलरंगांत शिसें फार असे. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांहून अधिक असूं नये असा नियम झाला तो २०१६ सालीं, आणि तो अमलांत आला २०१७ च्या नोव्हेंबरापासून. त्यापूर्वीचा रंग कोरडा घांसला कीं शिशाची धूळ घरभर उडते. ती भुईवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हातास लागते, आणि हात तोंडांत जातो. लहान मुलांच्या मेंदूस शिसें थोडेंहि घातक आहे. म्हणून अशा चौकटी घरांत कधींहि घांसूं नयेत. मुलें व गर्भिणी यांस दूर ठेवून, ओल्या रीतीनें किंवा रंग सुटण्याचें औषध लावून, जाणत्याकडून बाहेर हें काम करवावें. नाहीं तर रंग निघत नसेल तेथें त्यावर नवा थर देऊन तो पक्का झांकावा. आम्हीं त्या चौकटी बाळाच्या खोलींतून रद्द केल्या. पुतण्या थोडा हिरमुसला. सूनबाई नाहीं हिरमुसल्या.

बसविण्याविषयीं थोडें. चौकटीची पट्टी स्कर्टिंगहून जाड असावी, म्हणजे स्कर्टिंग तिच्या अंगास येऊन नीट विसावते. उलट केलें तर टोंक बाहेर डोकावतें आणि प्रत्येकाच्या धोतराचा सोगा किंवा पदर तेथें अडकतो. वरच्या कडेस गोलाई द्यावी, फार खांचा नकोत. खांचेंत धूळ बसते आणि ती काढावयाची पाळी पुरुषांवर येत नाहीं म्हणूनच नक्षीचा मोह पुरुषांस अधिक होतो. पट्टीच्या पाठीसहि रंग वा तेल द्यावें. दर्शनी बाजूच रंगविली तर ओल मागून शिरते व पट्टी वांकते. फरशीपासून पट्टी सुताइतकी उचलून बसवावी, म्हणजे पुसण्याचें पाणी ती शोषून घेत नाहीं. आणि खिळे नकोत, स्क्रूच असावे. वर्षांतून एकदां, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक खोलींतली एक पट्टी उघडून मागें मातीची नळी दिसते कीं काय हें पाहावें. जुन्या घरांत वाळवीचा संशय असेल तर आयएस ६३१३ या मानकाप्रमाणें भिंत व भुई यांच्या सांध्यांत छिद्रें पाडून औषध सोडतात. तें जाणत्यानेंच करावयाचें, आणि पट्ट्या लावण्याच्या आधीं. पुस्तकांचें कपाट भिंतीपासून चार बोटें पुढें ठेवावें, मग पायथ्यास काय लाविलें आहे याची पर्वा करूं नये.

येणेंप्रमाणें स्वयंपाकघरांत ग्रॅनाइट, न्हाणीघरास डब्ल्यूपीसी, बैठकीच्या व निजावयाच्या खोल्यांत वाड्याचें सागवान, आणि पुतण्याच्या समाधानासाठीं छताजवळ एमडीएफची पांढरी नक्षी, असा समझोता झाला. सागवानास रंग न देतां जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. पहिला हात दिला त्या दिवशीं बंधू बराच वेळ बैठकीच्या खोलींत उकिडवे बसून एक एक पट्टी पाहत होते. मग आम्हांस म्हणाले, "अण्णा, सोप्यावर आपण पाढे म्हणत बसत होतों, तेव्हां हें लाकूड डोक्यावर होतें." आम्हीं होय म्हटलें. ती अकरावी वही त्यांनीं परवां पुतण्याच्या कपाटांत आणून ठेवली. कपाट भिंतीपासून चार बोटें पुढें आहे कीं नाहीं तें आम्हीं आमच्या हातानें मोजून पाहिलें.

बैठकीच्या ईशान्य कोपऱ्यांत दोन पट्ट्यांच्या सांध्यांत केसभर फट राहिली आहे. ती लांबी भरून लगेच बुजवावी असें पुतण्याचें म्हणणें. सुतार म्हणतो, लाकूड घरांत नवें आलें आहे, एक पावसाळा जाऊं द्या, मग पाहूं. आम्हीं त्यास पावसाळ्यानंतरचा दिवस नेमून दिला आहे.